जिव्हाळीच्या अलीकडे

नीतिशास्त्राचे ग्रंथ बहुधा मोठ्या प्रसंगांची चर्चा करतात. युद्धात शस्त्र उचलावे की नाही, प्राण वाचविण्यासाठी असत्य बोलावे की नाही, राजाज्ञा आणि सदसद्विवेक यांत कोणाचे ऐकावे, असे ते प्रश्न असतात. सामान्य गृहस्थाच्या वाट्याला असे प्रसंग आयुष्यात एकदा आले तर आले. त्याची खरी परीक्षा घरातल्या घरात, कोणी पाहत नसताना, अगदी किरकोळ कामांत होत असते. अशाच एका किरकोळ कामाचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत. ते काम म्हणजे पाळलेल्या मांजराची नखे कापणे.

विषय वाचून काही वाचकांना हसू येईल आणि त्यात आम्हांस वावगे वाटत नाही. पण या कामात दडलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने आपल्याकडे काही मागितलेले नाही, ज्याला आपण कारण समजावून सांगू शकत नाही आणि जो बळाने आपल्याहून पुष्कळच उणा आहे, त्याचे हित त्याच्या इच्छेविरुद्ध करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. ‘जनहितार्थ’ हा शब्द आम्ही हजारो कागदांवर वाचला आणि लिहिला आहे. त्या शब्दाची तपासणी करण्यास मांजर हे फार चांगले साधन आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात हा प्रश्नच नव्हता. इंदूरच्या जुन्या वस्तीतील ज्या वाड्यांत आमच्या पिढीचे बालपण गेले, तेथे मांजर असे; पण ते कोणाचेच नसे. कोठीच्या खोलीत धान्याची पोती असत, पोत्यांमागे उंदीर असत, आणि म्हणून मांजर असे. त्याला वाटीभर दूध मिळे, क्वचित पाठीत लाटणेही बसे. परंतु त्याच्या अंगाला हात लावून त्याचे काही ‘करावे’ असे कोणाच्या मनात येत नसे. मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, या धाकाने मुलेही त्याच्यापासून चार हात दूर राहत. त्याची नखे परसातल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर, कौलांवर आणि भिंतींवर आपोआप झिजत. तेवढ्याच नखांच्या बळावर ते कुत्र्यापासून जीव वाचवी.

आता ते वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहिल्या. धान्याची पोती गेली, उंदीर पुष्कळसे गेले, आणि मांजर मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत येऊन बसले. तेथे गुळगुळीत फरशी आहे, झाड नाही, कौल नाही. नखे वाढतात, पण त्यांचे काम संपलेले असते. मग ती सोफ्याच्या कापडात अडकतात, पडद्यात गुंततात, लहान मुलाच्या गालावर ओरखडा काढतात. म्हणजे नखे कापण्याची गरज मांजराच्या स्वभावातून निर्माण झालेली नसून ती आपण त्याच्यासाठी केलेल्या व्यवस्थेतून निर्माण झाली आहे. हे मान्य केल्यावाचून पुढचा विचार प्रामाणिकपणे करता येत नाही. आपण एखाद्याला आपल्या सोयीच्या जागी आणून ठेवतो, त्या जागेमुळे त्याच्यात जो दोष उत्पन्न होतो तो दूर करतो, आणि त्यालाच त्याचे हित म्हणतो. येथे हित आहे, हे खरे. पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहे.

नख म्हणजे मांजराच्या लेखी काय, हेही पाहिले पाहिजे. मराठी माणसाला नख म्हटले की १६५९ सालची प्रतापगडाखालची वाघनखे आठवतात. म्हणून मांजराचे नख हेही केवळ शस्त्र आहे असा आपला समज असतो. वस्तुतः मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशी एकूण अठरा नखे असतात. बोटाच्या शेवटच्या हाडालाच ती जोडलेली असतात. मांजर नखे ‘आवरून धरते’ अशी आपली भाषा आहे. पण स्वस्थ मांजराला ती आवरावी लागत नाहीत. लवचिक तंतू त्यांना आपोआप आत ठेवतात, आणि बाहेर काढायची तेव्हाच स्नायूंचा जोर लावावा लागतो. म्हणजे शांतता ही मांजराची मूळ अवस्था आहे आणि नखे काढणे हा त्याचा प्रयत्न आहे. या एवढ्या माहितीनेही त्या प्राण्याकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली.

मांजर सोफा ओरबाडते ते खोडसाळपणाने नव्हे. नखावरचे जुने कवच त्यामुळे निघून पडते आणि खालचे नवे टोक मोकळे होते. पाठीचे व खांद्यांचे स्नायू ताणले जातात. पंजातील ग्रंथींचा वास त्या जागी राहतो आणि ‘येथे मी राहते’ अशी नोंद होते. आपण दारावर नावाची पाटी लावतो, तसाच हा प्रकार. तेव्हा मांजर घरात ठेवणाऱ्याने नखे कापण्याआधी त्याला ओरबाडण्यासाठी सुंभ गुंडाळलेला एखादा उभा, भक्कम, न डगमगणारा खांब द्यावा, हे पहिले कर्तव्य. जे काढून घेतले आहे त्याची थोडी तरी भरपाई केल्यावाचून कात्री हाती घेऊ नये.

या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात. पहिले असे की, निसर्गात ढवळाढवळ करू नये. नखे आहेत तशी राहू द्यावीत. हे उत्तर ऐकायला सात्त्विक आहे, पण सदनिकेतल्या मांजराच्या बाबतीत ते टिकत नाही. मांजर म्हातारे झाले, सांधे धरले, ओरबाडणे कमी झाले की नखे जाड होतात, वळतात आणि कधीकधी पंजाच्या गादीत शिरतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे पाचवे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजतच नाही आणि त्याचा धोका सर्वांत अधिक असतो. ज्याला आपण झाडापासून तोडले, त्याला आता निसर्गावर सोपवून मोकळे होणे हा सात्त्विकपणा नसून आळस आहे.

दुसरे उत्तर अगदी उलट टोकाचे आहे. अमेरिकेत अनेक वर्षे मांजराची नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत आली. नख शेवटच्या हाडाला जोडलेले असल्यामुळे यात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. आपल्या हाताच्या बोटांची पहिली पेरे तोडण्यासारखेच ते आहे. सोफा वाचावा म्हणून बोटे छाटायची आणि त्याला देखभाल म्हणायचे! इस्राएलने २०११ साली यावर बंदी घातली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली घातली, आणि अशी बंदी घालणारे ते त्या देशातील पहिले राज्य ठरले. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आधी खाजगी विधेयक मांडून वाट मोकळी केली होती. प्राण्याचे अंगच्छेदन हा या कायद्याने गुन्हा ठरतो.

तिसरे उत्तर मधले: नखाचे टोक तेवढे कापावे. मधले उत्तर नेहमीच बरोबर असते असे नाही. अर्धे सत्य आणि अर्धे असत्य यांच्या मध्ये शहाणपण नसते. येथे ते बरोबर ठरते, कारण नखातच एक स्पष्ट सीमा आखलेली आहे. पंजाची गादी वरून-खालून हलकेच दाबली की नख बाहेर येते. उजेडात पाहिले तर त्याच्या मुळाकडे गुलाबी भाग दिसतो आणि टोकाकडे पांढुरका, पारदर्शक आकडा दिसतो. गुलाबी भागात रक्तवाहिन्या आहेत, संवेदना आहे, आकड्यात नाही. या गुलाबी भागाला आपल्या भाषेत जिव्हाळी म्हणतात. आजकाल हा शब्द कोणी वापरत नाही; परंतु मनाला लागलेल्या बोलण्याला आपण ‘जिव्हारी लागले’ म्हणतो आणि मायेला ‘जिव्हाळा’ म्हणतो. दुखण्याची जागा आणि प्रेमाची जागा यांना इतके जवळचे शब्द देणाऱ्या भाषेने आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. जिव्हाळीच्या अलीकडे, थोडे अंतर राखून थांबावे. नीती म्हणून जे काही आहे, ते त्या थोड्या अंतरात आहे.

हे काम आम्ही आमच्या नातीकडून शिकलो आणि ती पशुवैद्यांकडून शिकली. त्याची रीत सांगणे अवश्य आहे, कारण या बाबतीत रीत आणि नीती वेगळ्या काढता येत नाहीत. मांजर जेवून सुस्तावलेले असावे, खेळाच्या भरात नसावे. पहिले काही दिवस कात्री आणूच नये. नुसता पंजा हातात घ्यावा, गादी दाबावी, सोडावी आणि आवडीचा खाऊ द्यावा. पंजा धरणे ही भीतीची गोष्ट नाही हे त्याला कळू द्यावे. मग मांजरासाठी मिळणारी लहान, धारदार कात्री घ्यावी. बोथट हत्याराने नख चिरफाळते. उजेड भरपूर असावा. जिव्हाळीपासून निदान दोन मिलिमीटर दूर, आकड्याचे टोक तेवढे कापावे. नख काळे असेल तर जिव्हाळी दिसत नाही; तेथे अगदी टोकच काढावे आणि समाधान मानावे. मागच्या पायांची नखे सहसा कमी टोकदार असतात, ती प्रत्येक वेळी कापावी लागत नाहीत. घरातच राहणाऱ्या मांजराला दोन ते चार आठवड्यांनी एकदा हे पुरते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराची नखे मात्र कापूच नयेत. कुत्रा मागे लागला तर झाडावर चढायला त्याला दुसरे साधन नाही. चुकून रक्त आलेच तर पशुवैद्यांकडे मिळणारी रक्त थांबविणारी पूड, ती नसल्यास कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे. थांबले नाही तर वैद्य गाठावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, अठराही नखे एका बैठकीत कापलीच पाहिजेत असा आग्रह धरू नये. आज दोन, उद्या तीन, असे चालते. शेपटी आपटू लागली, कान मागे पडले, पाठीवरची कातडी थरथरू लागली की मांजराने ‘पुरे’ म्हटले आहे असे समजावे आणि हात काढून घ्यावा.

येथे आमचा मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. मांजर संमती देऊ शकते काय? महाभारताच्या शांतिपर्वात लोमश नावाचे मांजर आणि पलित नावाचा उंदीर यांची कथा आहे. मांजर जाळ्यात अडकले आहे, उंदराला दुसरे शत्रू टपून आहेत. दोघे करार करतात, आणि उंदीर शेवटचा पाश पारधी जवळ येईपर्यंत तोडत नाही. त्या कथेत मांजराला वाचा आहे, म्हणून करार शक्य झाला. आमच्या घरच्या मांजराला ती नाही. कापलेल्या नखाने पुढे पंजाला इजा होणार नाही, हे त्याला कोणत्याही युक्तिवादाने पटविता येणार नाही. अर्थात पूर्ण अर्थाने संमती त्याच्याकडून मिळणे अशक्य.

पण संमती देता येत नाही, याचा अर्थ नकार देता येत नाही असा होत नाही. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. होकाराला भाषा लागते. नकाराला अंग पुरते. आखडून घेतलेला पंजा हे नकाराचे स्वच्छ वाक्य आहे आणि ते वाचायला व्याकरण लागत नाही. बलवानाची सोय अशी की, तो ‘यांना काय कळते’ असे म्हणून होकाराची आवश्यकता रद्द करतो, आणि त्याच दमात नकारही रद्द करून टाकतो. पहिली गोष्ट कधीकधी अपरिहार्य असते. दुसरी मात्र बहुतेक वेळा लबाडी असते.

आपल्या परंपरेत या संबंधाची एक सुंदर प्रतिमा आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांत वाद झाला, की जीव परमेश्वराला धरतो की परमेश्वर जीवाला? माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः बिलगते. मांजराचे पिलू स्वतःला सोडून देते आणि आई त्याला मानेला धरून नेते. एका पक्षाने मर्कटकिशोरन्याय सांगितला, दुसऱ्याने मार्जारकिशोरन्याय. शरणागतीची ही दुसरी प्रतिमा गोड आहे. पण ती उचलणारा परमेश्वर किंवा जन्मदाती असेल तोपर्यंतच. मोठ्या मांजराला मानगूट धरून लटकविले तर ते निश्चल होते आणि धरणाऱ्याला वाटते, पाहा कसे शांत झाले! पशुवैद्य आता सांगतात की तो शांतपणा नसून धास्ती असते, आणि तसे धरू नये. पिलाचे समर्पण आणि मोठ्या मांजराचा धसका बाहेरून एकसारखे दिसतात. ज्यांनी कचेरीत मोठ्या खुर्चीसमोर उभी असलेली, हात जोडून ‘जी हुजूर’ म्हणणारी माणसे पाहिली आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक नकारापुढे थांबायचे ठरवले तर लसही टोचता येणार नाही. मांजराला रेबीजची लस आवडत नाही, बाळालाही सुई आवडत नाही. म्हणून ती देऊ नये काय? तर नाही. नकार ऐकणे आणि नकार मानणे या दोन गोष्टी आहेत. ऐकणे सदैव बंधनकारक. मानणे प्रसंगावर अवलंबून. आम्ही त्यासाठी तीन कसोट्या लावतो. पहिली, हे काम कोणाच्या हिताचे आहे, याचे खरे उत्तर. नख पंजात रुतले असेल तर मांजराच्या. सोफा फाटत असेल तर आपल्या. दुसरी, ते थांबू शकते काय? लस आणि रुतलेले नख थांबू शकत नाहीत. वाढलेले नख उद्यापर्यंत थांबू शकते. तिसरी, केलेले भरून येते काय? कापलेले टोक पुन्हा वाढते, छाटलेले हाड वाढत नाही. तिन्ही कसोट्यांत जे उतरेल ते नकार असूनही करावे, पण कमीत कमी बळाने. जे उतरणार नाही, ते नकार आल्याबरोबर सोडावे. (ओघाने एक व्यावहारिक सूचना: मांजराने ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. मांजर घरचे आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.)

आता हा विचार मांजरापाशी का थांबत नाही, ते सांगतो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. प्रौढ माणसावर त्याच्याच हिताच्या नावाखाली सक्ती करू नये, हे त्यातले सूत्र आगरकरांच्या पिढीपासून मराठी सुशिक्षितांना परिचित आहे. परंतु त्याच निबंधात मिलने या सूत्रातून मुले वगळली आणि त्यांच्यासोबत ‘मागासलेले’ समाजही वगळले. मिलची हयात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीत गेली होती, हे येथे विसरू नये. म्हणजे ज्यांना आपले हित कळत नाही अशांचे एक खाते एकदा उघडले, की त्यात मांजराशेजारी मूल आणि मुलाशेजारी अखंड देश येऊन बसतो. खाते उघडणे चूक नाही. त्याला कुलूप नसणे चूक आहे.

आमच्या खात्याचा अनुभव हेच सांगतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजन जाहीर झाले की जमीनमालकाचा होकार अप्रस्तुत ठरत असे. २०१३ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. त्यात खाजगी कंपन्यांसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के आणि शासन-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरली. हितापासून संमतीपर्यंतचे हे अंतर कापायला सव्वाशे वर्षांच्या आसपास लागली. आमच्या मध्य प्रदेशातील हरसूद हे गाव २००४ साली इंदिरासागर धरणाच्या पाण्यासाठी रिकामे झाले, तेव्हा लोक आपली घरे आपल्याच हातांनी पाडून चौकटी-दारे सोबत नेत होते. धरणाची वीज आणि पाणी खरे होते. त्या माणसांचा नकारही खरा होता. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. हिशेबाच्या वहीत दोन्ही नोंदी असाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि हा विचार सर्वांत जवळून भिडतो तो आपल्याच घरात. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दृष्टी मंदावल्यामुळे त्यांना स्वतःची नखे कापता येत नाहीत. ते काम आमच्या सौ. करतात. न विचारता हात धरला तर मातोश्री तो मागे घेतात. ‘आई, आज नखे कापायची का?’ असे विचारले तर बहुतेक वेळा देतात. कधी ‘आज शनिवार, नको’ म्हणतात, आणि मग ते काम रविवारवर जाते. नखांना शनिवार-रविवार कळत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण त्या शनिवारात एका वृद्ध स्त्रीची स्वतःच्या देहावरची शेवटची सत्ता आहे, आणि ती एका दिवसाच्या विलंबाने राखता येत असेल तर तो विलंब स्वस्त आहे. आपल्या समाजातील जुन्या घरांत आज कितीतरी वृद्ध मुलांच्या सोयीने या शहरातून त्या शहरात हलविले जातात, त्यांचा वाडा ‘तुमच्याच भल्यासाठी’ विकला जातो, आणि त्यांचे गप्प राहणे होकार म्हणून नोंदले जाते. त्यातले पुष्कळसे निर्णय योग्यही असतील. परंतु वर सांगितलेल्या तीन कसोट्या त्यांना लावून पाहण्याचे कष्ट कोणी घेतो का?

माणसे उपाशी असताना मांजराच्या नखांची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर थोडक्यात आहे. दुबळ्याचा नकार ऐकण्याची सवय ही एकच आहे. ती मांजरासाठी वेगळी आणि माणसासाठी वेगळी अशी शिकता येत नाही. लहानपणी मांजराचा आखडलेला पंजा वाचायला शिकलेले मूल मोठेपणी माणसाचा आखडलेला चेहरा वाचू शकेल, अशी निदान आशा करता येते. ज्याला पंजाच दिसला नाही, त्याला पुढे फायलीतला अर्जदार दिसेल याची खात्री आम्ही तरी देऊ शकणार नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. परहित करण्याचा अधिकार आपल्याला आहे. किंबहुना ज्यांना आपण आपल्या आश्रयाला आणले, त्यांच्या बाबतीत ते कर्तव्यच आहे. मात्र तो अधिकार जिव्हाळीपर्यंत जाऊन पोहोचत नाही. तिच्या थोडा अलीकडेच संपतो. किती अलीकडे, हे कोणताही ग्रंथ सांगणार नाही. त्यासाठी भरपूर उजेड हवा, धारदार हत्यार हवे, घाई नको, आणि ज्याचा पंजा आपल्या हातात आहे त्याच्याकडे लक्ष हवे.